ओपन सोर्सच्या डॉक्युमेंटेशनला हातभार कसा लावायचा? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या कॉलेजांतली मुलं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले ड्राफ्ट्समन, शाळेतले शिक्षक, प्रेसमध्ये डीटीपी करणारे असे बरेच जण आम्हाला या विषयावर विचारत असतात. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघायला, वापरायला आणि बदलायला खुला आहे असं सॉफ्टवेअर. प्रश्न साधारण सारखेच असतात, म्हणून ते इथे सोप्यापासून अवघडापर्यंत लावून ठेवले आहेत. एकाच गोष्टीचं दळण दोनदा नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे. तुम्हाला अडलंय तेवढंच वाचलंत तरी चालेल.

१. डॉक्युमेंटेशन म्हणजे त्यात नक्की काय काय येतं?

सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला, बसवणाऱ्याला किंवा त्यात बदल करू पाहणाऱ्याला जे जे वाचावं लागतं ते सगळं. प्रकल्प उघडल्यावर पहिली दिसते ती रीडमी फाइल, इन्स्टॉल करायच्या पायऱ्या, 'हेल्प' दाबल्यावर उघडणारी पानं, एररचे अर्थ, नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची नोंद, शिकवणीचे धडे, व्हिडिओच्या संहिता आणि या सगळ्याची भाषांतरं.

डॅनिएले प्रोचिडा यांनी मांडलेली 'डायाटॅक्सिस' नावाची विभागणी बरेच प्रकल्प आता वापरतात. नवख्याला हात धरून शिकवणारा धडा, काम करता करता अडलेल्याला नेमक्या पायऱ्या सांगणारं पान, नुसती अचूक माहिती देणारा संदर्भ, आणि 'हे असं का' ते समजावणारं विवेचन असे चार प्रकार तीत आहेत. लिहायला बसण्याआधी आपण यातलं काय लिहितोय ते ठरवा. धड्याच्या मध्येच दोन परिच्छेद इतिहास आला की वाचणारा तिथेच गळतो.

या कामाची गरज किती आहे? बऱ्याच ओपन सोर्स प्रकल्पांच्या फाइली जिथे ठेवलेल्या असतात त्या गिटहब या साइटने २०१७ साली ओपन सोर्सवाल्यांची पाहणी केली तेव्हा ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही सगळीकडची अडचण असल्याचं सांगितलं. आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक म्हणाले की आम्ही डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही.

२. मला कोडिंगमधलं काही येत नाही. तरी चालतंय काय?

चालतंय की. काही कामांत तर तुम्हीच जास्त उपयोगी पडता. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याला तो आतून-बाहेरून पाठ असतो, त्यामुळे नवा माणूस कुठल्या पायरीवर अडखळेल हे त्याला दिसत नाही. तुम्हाला ते दिसतं, कारण तुम्ही स्वतः तिथे अडखळलेले असता.

शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीत पॅटर्नची ड्रॉइंग काढणारा माणूस घ्या. श्रिंकेज अलाउन्स किती धरायचा, पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून उभ्या भिंतींना ड्राफ्ट अँगल कुठून द्यायचा, हे त्याच्या हातात बसलेलं असतं. फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये ड्राफ्ट देण्याची सोय आहे आणि ती कोणत्या बटणाखाली आहे हे मदतीच्या पानावर लिहिलेलंही आहे. पण खऱ्या कास्टिंगसाठी ती कोणत्या क्रमाने वापरायची हे फाउंड्रीतला माणूसच नीट सांगू शकतो. असा एक धडा लिहिला गेला तर तो कोइम्बतूर आणि राजकोटच्या फाउंड्रीवाल्यांनाही कामाला येईल.

लागतं ते एवढंच: साधी टेक्स्ट फाइल उघडून सेव्ह करता येणं, स्क्रीनशॉट काढता येणं आणि केलेलं काम पायरीपायरीने सांगायची चिकाटी.

३. सुरुवात कोणत्या प्रकल्पापासून करू?

जे सॉफ्टवेअर तुम्ही रोज वापरता त्यापासून. सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या कुबरनेटिसचं नाव मोठं आहे म्हणून त्याच्या मागे लागायचं आणि ते स्वतः कधी चालवलेलंच नाही, असं करू नका. ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस, नकाशांना क्यूजीआयएस, ड्रॉइंगला फ्रीकॅड, वेबसाइटला वर्डप्रेस, ऑनलाइन वर्गाला मूडल, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स. यातलं एखादं तरी तुमच्या रोजच्या हाताखालचं असेल.

निवडण्याआधी प्रकल्पाच्या पानावर थोडं हिंडून या. शेवटचा बदल कधी झालाय? बाहेरच्यांनी पाठवलेल्या दुरुस्त्यांना उत्तरं मिळतात का, आणि कोणत्या सुरात मिळतात? 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची फाइल असेल तर ती आधी वाचा, कारण त्या प्रकल्पाचे नियम तिच्यात असतात आणि इथे वाचलेल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा ते वरचढ आहेत. नवख्यांना झेपतील अशा कामांवर बऱ्याच ठिकाणी 'गुड फर्स्ट इश्यू' किंवा 'डॉक्युमेंटेशन' असं लेबल असतं. इश्यू म्हणजे प्रकल्पाच्या पानावर चूक किंवा काम सांगणारी नोंद. क्यूजीआयएसमध्ये तर कोड लिहिणाऱ्याने 'याचं डॉक्युमेंटेशन हवं' अशी खूण केली की त्या कामाचा इश्यू आपोआप तयार होतो. तिथे काम शोधत फिरावं लागत नाही.

४. पहिलं काम म्हणून नेमकं काय करू?

आहे ते पान उघडा आणि त्यात लिहिलंय तसंच्या तसं करा. मनातलं काही घालू नका, 'यांना असं म्हणायचं असेल' असा अंदाज बांधू नका. जिथे लिहिलेलं आणि दिसणारं जुळत नाही, तिथे थांबून वहीत टिपून ठेवा. या टिपणातूनच तुमचं पहिलं योगदान निघतं.

एक उदाहरण. लिबरऑफिस रायटरमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवायची आहे. जुन्या मार्गदर्शिकेत वाट दिलेली असते: टूल्स, मग ऑप्शन्स, मग 'लँग्वेज सेटिंग्ज'. नव्या आवृत्तीत 'लँग्वेज सेटिंग्ज' सापडतच नाही, कारण त्या जागी आता 'लँग्वेजेस अँड लोकेल्स' आहे. शेजारी बसलेल्याकडे मॅक असेल तर त्याच्या टूल्समध्ये ऑप्शन्सच दिसत नाही, ते 'लिबरऑफिस' मेनूत 'प्रेफरन्सेस' म्हणून असतं. तिथवर पोचलं तरी पुढे वेस्टर्न, एशियन आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट अशा जागा असतात. मराठी आशियातली म्हणून नवा माणूस 'एशियन'मध्ये शोधतो आणि तिथे चिनी, जपानी, कोरियन बघून गोंधळतो. मराठी असते 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'च्या यादीत.

एवढ्याशा वाटेत तीन दुरुस्त्या निघाल्या: बदललेलं नाव, मॅकवाल्यांसाठी एक ओळ, आणि भारतीय भाषा कोणत्या यादीत मिळतात त्याची सूचना. तिसरी सगळ्यात मोलाची, कारण ती मराठीइतकीच हिंदी, कन्नड, तमिळ वापरणाऱ्यालाही लागते आणि जर्मनीत बसलेल्या लेखकाला सुचणं कठीण.

स्पेलिंगची चूक किंवा तुटलेली लिंक दुरुस्त करणं हेही खरं योगदान आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त ती चूक खरोखर चूक आहे याची खात्री करून घ्या. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगवरून पानंच्या पानं बदलणारी दुरुस्ती कुणालाच नको असते.

५. गिट शिकल्याशिवाय काही करता येतं का?

येतं. गिट हे २००५ साली लिनस टॉरवल्ड्सनी लिनक्सच्या कामासाठी केलेलं, फाइलींतल्या बदलांचा हिशेब ठेवणारं साधन, आणि ते शिकून घेतलंत तर पुढे फार उपयोग होतो. पण पहिल्या दिवशी त्यावाचून अडत नाही. गिटहबवर फाइल उघडलीत की पेन्सिलीचं चिन्ह दिसतं. ते दाबलं की प्रकल्पाची प्रत तुमच्या खात्यात आपोआप तयार होते. ब्राउझरमध्येच बदल करायचा, 'प्रपोज चेंजेस' दाबायचं आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, पाठवायची.

ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी इतर वाटा आहेत. लिबरऑफिसच्या मार्गदर्शिका रायटरच्याच फाइलींत लिहिल्या जातात, म्हणजे नेहमीच्या कागदपत्रासारखं काम. फ्रीकॅडचं डॉक्युमेंटेशन विकीवर आहे. विकीवर स्पॅमचा त्रास असतो, त्यामुळे काही प्रकल्प मागितल्यावरच संपादनाचा हक्क देतात. तसं असेल तर दोन ओळींत आपली ओळख आणि काय करायचंय ते लिहून मागा. आणि काहीच जमलं नाही तर नुसता इश्यू उघडा: कोणतं पान, कोणती पायरी, काय लिहिलंय, काय दिसतंय. असा नेमका इश्यूही अर्धं काम करून देतो.

सगळे प्रकल्प गिटहबवर नसतात. ग्नोम आणि केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉप प्रकल्पांचे गिटहबसारखे स्वतःचे गिटलॅब आहेत. तिथे पुल रिक्वेस्टला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात, रीत तीच.

६. पुल रिक्वेस्टमध्ये काय लिहू?

काय बदललं, का बदललं, कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर करून पाहिलं. तीन-चार ओळी पुरतात. एका रिक्वेस्टमध्ये एकच विषय ठेवा. प्रश्न ४ मधल्या तीन दुरुस्त्या तीन वेगळ्या रिक्वेस्टमध्ये गेल्या तर एखादीवर चर्चा लांबली तरी बाकीच्या अडकून पडत नाहीत. बऱ्याच ठिकाणी तुमच्या बदलासह पान कसं दिसेल त्याची झलक आपोआप तयार होते. ती उघडून बघा, कारण मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात चिन्हं घालून मांडणी करायची पद्धत) एक स्पेस चुकली तरी यादी विस्कटते.

७. माझं इंग्रजी यथातथाच आहे. हसतील का?

नाही हसत. प्रश्न १ मधल्या गिटहबच्या पाहणीतच जवळपास पाव लोकांनी आपलं इंग्रजी वाचणं-लिहिणं 'फार चांगलं' या पातळीचं नसल्याचं नोंदवलं होतं. शिवाय डॉक्युमेंटेशनचं इंग्रजी हे साहित्याचं इंग्रजी नसतं. छोटी वाक्यं, आज्ञार्थी क्रियापद, एका वाक्यात एक कृती. अलंकारिक इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा साधं लिहिणाऱ्याचा मजकूर लवकर स्वीकारला जातो, कारण तो जगभरातल्या वाचकाला कळतो आणि भाषांतरालाही सोपा जातो.

पायऱ्या आधी मराठीत लिहून काढल्या तरी हरकत नाही. विचार स्पष्ट झाला की इंग्रजी करणं सोपं होतं. व्याकरणाच्या चुका रिव्ह्यू करणारा सुधारून देतो. चुकीची पायरी मात्र त्याला सहज कळत नाही, म्हणून सगळी काळजी तिथे घ्या.

८. मराठीतच काम करायचंय. कुठे करता येईल?

फायरफॉक्सचं भाषांतर पाँटूनवर होतं, वर्डप्रेसचं त्याच्या स्वतःच्या भाषांतर-साइटवर, लिबरऑफिसचं वेबलेटवर आणि विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर. खातं काढायचं, मराठी निवडायचं आणि सुचवणं सुरू करायचं. तुम्ही सुचवलेलं लगेच लागू होत नाही, आधीपासून काम करणारं कुणीतरी ते तपासून मंजूर करतं.

बोलून शिकवायला आवडत असेल तर आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प बघा. छोट्या व्हिडिओंतून ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवायचं आणि त्याचा आवाज भारतीय भाषांत द्यायचा, असं ते काम आहे, आणि त्यात मराठी आहे. तिथे संहिता आधी लिहिली जाते आणि विषय नवा असलेल्या माणसाकडून ती करून बघितली जाते. ही नवख्याकडून तपासून घ्यायची पद्धत प्रत्येक प्रकल्पाने उचलावी अशी आहे.

प्रत्येक प्रकल्पात मराठी डॉक्युमेंटेशनची सोय नसते, हे लक्षात असू द्या. वेब डेव्हलपर वापरतात त्या एमडीएनवर ठरावीक भाषाच चालू आहेत आणि त्यांत मराठी नाही. एखादी भाषा चालू करायची तर ती सांभाळणारी माणसं आधी लागतात. एकट्याने पन्नास पानं भाषांतरित करायची आणि मूळ इंग्रजी बदलल्यावर ती तशीच जुनी राहू द्यायची, यात वाचकाचं नुकसान होतं. त्यापेक्षा पाच पानं घ्या आणि ती ताजी ठेवा.

क्रमही महत्त्वाचा. मेनू आणि बटणं आधी मराठीत आणा, मदतीची पानं नंतर. पडद्यावर इंग्रजी आणि मदतीत मराठी असेल तर वाचणारा बटण शोधतच राहतो. शब्द निवडताना त्या प्रकल्पाची शब्दसूची आधी पाहा. फ्युएल प्रकल्पाने वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या याद्या भारतीय भाषांत केल्या आहेत, त्यांत मराठीही आहे. तुम्हाला दुसरा शब्द आवडत असेल तर चर्चा जरूर करा, पण एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा असं होऊ देऊ नका.

९. आमच्या प्रेसमधला मराठी मजकूर चिकटवला की सगळी अक्षरं बिघडतात. असं का?

तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो म्हणून. डीटीपीसाठी वर्षानुवर्षं वापरलेल्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट गेला की मागे नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं उरतात. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं. जुना मजकूर रूपांतर करून देणारी साधनं मिळतात, पण त्यानंतर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावीच लागतात. नवीन लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. तो भारत सरकारने प्रमाणित केलेला आहे आणि लिनक्स, विंडोज दोन्हींत आधीपासूनच असतो.

याच्या जोडीला एक बारकावा, जो मराठी माणसाशिवाय कुणी पकडत नाही. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं वेबपानाच्या कोडमध्ये नमूद केलेलं असेल तरच मराठी वळण दिसतं. ते नमूद नसेल तर इश्यू उघडा. तसंच 'सुऱ्या'मधला ऱ्य नीट दिसतो का तेही बघा, तिथे 'सुर्या' झालं तर अर्थच बदलतो.

१०. किती वेळ द्यावा लागतो?

आठवड्यातला एखादा तासही पुरतो. सातत्य मात्र हवं. परीक्षेच्या किंवा सणाच्या दिवसांत जमणार नसेल तर घेतलेल्या इश्यूवर तसं लिहून तो मोकळा करा, म्हणजे दुसऱ्याला घेता येतो.

११. उदाहरणं कोल्हापूरची घेतली तर चालतील का?

चालतील, आणि घ्यावीत. फक्त बाहेरच्या वाचकाला एका ओळीत संदर्भ द्या. लिबरऑफिस कॅल्कमधलं कंडिशनल फॉरमॅटिंग शिकवायचंय असं धरा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात पाण्याची पातळी. ३९ किंवा जास्त असेल तर खाना पिवळा, ४३ किंवा जास्त असेल तर लाल. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे कोष्टक कशासाठी आहे ते सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्यालाही 'नदीची पातळी' एवढ्यावर कळतं.

या उदाहरणात एक खाच आपोआप पुढे येते. कॅल्क अटी वरून खाली तपासतं आणि जी पहिली जुळेल तिथे थांबतं. ३९ ची अट वर ठेवली तर ४५ फुटांचा आकडाही पिवळाच राहतो. लाल रंग हवा असेल तर ४३ ची अट वर हवी. 'विक्री १००, विक्री २००' अशा निर्जीव उदाहरणात ही चूक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. धोक्याची पातळी ओलांडूनही खाना पिवळा दिसला की ती लगेच खटकते.

१२. पुल रिक्वेस्ट पाठवून बरेच दिवस झाले, उत्तरच नाही. काय करू?

दोन आठवडे जाऊ द्या. मग त्याच ठिकाणी एक नम्र ओळ लिहा: 'काही बदल हवे असतील तर सांगा, मी करतो.' तपासणारेही बहुतेक वेळा नोकरी-घर सांभाळून हे काम करणारे स्वयंसेवक असतात. तरीही काही हललं नाही तर प्रकल्पाच्या चॅटवर किंवा डॉक्युमेंटेशनच्या बैठकीत विचारा. वैयक्तिक ईमेल शोधून काढून तगादा लावू नका. महिनोन्‌महिने सगळीकडेच शांतता असेल तर तो प्रकल्प निवडताना प्रश्न ३ मधली पाहणी राहून गेली असावी. दुसरा निवडा.

१३. वीस बदल सुचवलेत. म्हणजे माझं काम वाईट होतं का?

उलट. वीस ठिकाणी लिहायला कुणीतरी तुमचा मजकूर ओळ न ओळ वाचला आहे. पटेल ते बदला, पटणार नाही तिथे कारण विचारा. प्रकल्पाची लेखनशैली ठरलेली असेल तर तिच्यापुढे आपली आवड बाजूला ठेवा. थेट नाकारलंच तर बहुधा तो विषय दुसऱ्या पानावर आधीच असतो किंवा ती सोय लवकरच काढली जाणार असते. म्हणून मोठं काही लिहिण्याआधी इश्यू उघडून विचारून घेतलेलं बरं.

१४. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दाखवायचंय. एका व्हिडिओत रीडमीमध्ये आपलं नाव घालायला सांगितलंय. घालू का?

सरावासाठी मुद्दाम काढलेल्या प्रकल्पात घाला, खऱ्या प्रकल्पात नको. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला योगदान देण्याचा ऑक्टोबरमधला उपक्रम) टी-शर्ट मिळावा म्हणून रीडमीत एखादा शब्द इकडचा तिकडे करणाऱ्या रिक्वेस्टचा पूर आला. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, इतके हैराण झाले की आयोजकांना उपक्रम चालू असतानाच नियम बदलावा लागला, आणि प्रकल्पाने स्वतःहून संमती दिली असेल तरच तिथलं काम धरायचं असं ठरलं. त्यानंतर अशा रिक्वेस्टकडे सगळेच संशयाने बघतात आणि प्रामाणिक नवख्यालाही त्याची झळ बसते.

प्रोजेक्टला गुण मिळतील की नाही ते तुमच्या विभागाने ठरवायचं. सरांना दाखवायला मात्र स्वीकारल्या गेलेल्या रिक्वेस्टची लिंक आणि तिच्याखालची चर्चा याहून चांगला पुरावा नाही.

१५. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

आधी प्रकल्पाचा नियम बघा. जेंटू या लिनक्स प्रकल्पाने एप्रिल २०२४ मध्ये एआयने तयार केलेली योगदानं घ्यायची नाहीत असं ठरवलं, नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पानेही त्याच वर्षी तसा निर्बंध घातला. काही प्रकल्प परवानगी देतात, पण वापर सांगायला लावतात.

नियम काहीही असो, स्वतः करून न पाहिलेली एकही पायरी पाठवू नका. अशी साधनं अस्तित्वातच नसलेला मेनू अगदी आत्मविश्वासाने लिहून देतात. तो पकडायला तपासणाऱ्याला सगळं स्वतः चालवून पाहावं लागतं, म्हणजे तुमचे पाच मिनिटं वाचतात आणि त्याचा तास जातो. आपण लिहिलेल्या इंग्रजीतलं व्याकरण तपासून घेणं ही वेगळी गोष्ट, तीही प्रकल्पाला चालत असेल तर.

१६. दुसऱ्या साइटवरचा किंवा पुस्तकातला उतारा घेता येतो का? आणि मी लिहिलेलं कुणाचं?

मोफत वाचायला मिळतं म्हणजे उचलायला मोकळं आहे असं नाही. प्रत्येक मजकुराचा परवाना बघावा लागतो. विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए परवान्याखाली आहे. नाव द्यायचं आणि पुढचा मजकूरही त्याच परवान्याखाली ठेवायचा, अशी त्याची अट. लिबरऑफिसच्या मार्गदर्शिका सीसी बाय (यात फक्त नाव द्यायची अट) आणि जीपीएल या वेगळ्या परवान्यांखाली असतात, त्यामुळे विकिपीडियातला उतारा तिथे सरळ टाकता येत नाही. व्यावसायिक वापराला मनाई असलेला मजकूरही बहुतेक ओपन सोर्स प्रकल्पांना चालत नाही. सोपा मार्ग एकच: वाचा, करून बघा, मूळ पान बंद करा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा.

तुम्ही लिहिलेल्याचा कॉपीराइट बहुतेक ठिकाणी तुमच्याकडेच राहतो. तुम्ही तो मजकूर प्रकल्पाच्या परवान्याखाली सगळ्यांना वापरायला देता. दिलेली परवानगी नंतर मागे घेता येत नाही, हे माहीत असू द्या. कॉपीराइटच नावावर करून मागणारा करार असेल तर तो वेगळा, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

१७. डीसीओ आणि सीएलए सही करायला सांगतात. हे काय आहे?

डीसीओ (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) म्हणजे 'हे मी लिहिलंय किंवा मला द्यायचा हक्क आहे' असं जाहीर करणं. लिनक्स कर्नलमध्ये ते २००४ साली आलं. कमिटच्या, म्हणजे जतन केलेल्या बदलाच्या नोंदीच्या, शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ, नाव आणि ईमेल घातलं की झालं. तो ईमेल कायमचा सर्वांना दिसतो, म्हणून या कामासाठी वेगळा पत्ता ठेवा. सीएलए (कॉन्ट्रिब्युटर लायसन्स अ‍ॅग्रीमेंट) हा संस्थेशी केलेला करार असतो. कुबरनेटिससारख्या प्रकल्पात तो झाल्याशिवाय स्पेलिंगची दुरुस्तीही आत जात नाही. सही करण्याआधी वाचा: मजकूर वापरण्याचा परवाना मागितलाय की मालकीच, एवढं तरी बघा.

१८. मी आयटी कंपनीत आहे. घरी बसून लिहिलं तर कंपनी हक्क सांगेल का?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जातो. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या कामाशी संबंध नसलेल्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिलेलं त्यात साधारणपणे येत नाही. पण काही नेमणूकपत्रांत याहून रुंद अटी असतात. आपलं पत्र काढून वाचा आणि शंका असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या. सीएलएमध्ये 'मला हे द्यायचा हक्क आहे' असं तुम्ही लिहून देणार असता, म्हणून हे आधीच मिटवलेलं बरं.

१९. माझी मुलगी नववीत आहे. तिला करता येईल का?

गिटहबवर खातं काढायला किमान १३ वर्षं लागतात, त्यामुळे नववीच्या मुलीला अडचण नाही. करार मात्र आपल्याकडे १८ पूर्ण झाल्याशिवाय करता येत नाही. म्हणून सीएलए मागणाऱ्या प्रकल्पात पालकांची सही चालते का ते आधी विचारा, किंवा सीएलए नसलेला प्रकल्प निवडा. खात्यावर शाळेचं नाव, फोटो, फोन नंबर नको. पहिले काही दिवस चर्चा वाचताना तिच्या शेजारी बसा.

२०. स्क्रीनशॉट काढताना काय सांभाळायचं?

पडद्यावर खरं काहीही दिसता कामा नये. ग्राहकांची यादी, विद्यार्थ्यांचे गुण, आधार क्रमांक, वरच्या कोपऱ्यातलं आपलं ईमेल, खालच्या पट्टीतले मेसेज. धूसर करण्यावर विसंबू नका. नमुन्याची माहिती भरून नवीन स्क्रीनशॉट काढा. वेबपत्ता लागला तर 'एक्झाम्पल डॉट कॉम' वापरा, तो याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. चित्राखाली काय दिसतंय त्याचं वर्णनही लिहा, दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तेच वाचतो. आणि जिथे एका वाक्यात भागतं तिथे चित्र टाकू नका, कारण दर आवृत्तीला ते बदलत बसावं लागतं.

२१. आमच्या लॅबमध्ये जुनीच आवृत्ती आहे. तिच्यावरून लिहिलेलं चालेल का?

प्रकल्पावर अवलंबून आहे. क्यूजीआयएस दीर्घकाळ टिकवायच्या आवृत्त्यांसाठी डॉक्युमेंटेशन वेगळं ठेवतं आणि पुढच्या आवृत्तीचं काम वेगळ्या शाखेत, म्हणजे फाइलींच्या वेगळ्या प्रतीत, चालतं. तुमची दुरुस्ती कोणत्या शाखेत जाणार ते रिक्वेस्टमध्येच विचारा. आवृत्तीचा आकडा दर वेळी लिहा. लॅबमधली आवृत्ती सांभाळायचं प्रकल्पाने सोडून दिलं असेल तर नवी आवृत्ती घरच्या मशीनवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून पुन्हा तपासा.

२२. लिहिलंय एक आणि सॉफ्टवेअर करतंय दुसरंच. चूक कुणाची समजायची?

हे ठरवायचा अधिकार स्वतःकडे घेऊ नका. डॉक्युमेंटेशन बरोबर असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये बग असेल, तर तुम्ही मजकूर बदलून त्या बगवर पांघरूण घालाल. इश्यूमध्ये दोन्ही बाजू मांडा: पान असं म्हणतं, या आवृत्तीत असं होतं, या पायऱ्यांनी पुन्हा घडवता येतं. 'असंच व्हायला हवं' असं मेंटेनरने सांगितलं की मग मजकूर बदला.

अपवाद एकच. पायऱ्या तपासताना पासवर्ड उघड्यावर दिसला, दुसऱ्याची माहिती उघडली किंवा परवानगी नसताना आत जाता आलं, तर उघड इश्यू काढू नका, पुल रिक्वेस्टही नको. प्रकल्पात 'सिक्युरिटी' नावाची फाइल किंवा पान असतं, त्यात खाजगीत कळवायचा पत्ता दिलेला असतो. तिथे कळवा आणि दुरुस्ती बाहेर येईपर्यंत चॅटवर, ग्रुपवर कुठेही बोलू नका. तशी फाइल नसेल तर 'सुरक्षेबाबत काही कळवायचंय, कुठे कळवू?' एवढंच उघडपणे विचारा. तपशील पत्ता मिळाल्यावर.